दुसरी गाडी

फोटोतली गाडी निळी होती आणि मी तिथेच अडले. नंदिनीने फोन माझ्या चष्म्याजवळ आणून धरला होता. बोटांनी चित्र मोठे करून ती विचारत होती, हीच ना आई, बाबांची गाडी हीच ना. माझ्या मांडीवर तुरीच्या ओल्या शेंगांनी भरलेले सूप होते. मी एक शेंग सोलली, मग दुसरी. नाकाचा तो लांब उतार, मागे एकदम उचललेली पाठ, चाकांवर आलेले चार फुगवटे, यात ओळखायचे असे काही नव्हते. अंधारात हात लावूनही मी ओळखले असते. पण तीन वर्षे जी गाडी मी जवळून पाहिली, तिला रंग नव्हता. ती उघड्या पत्र्याची होती. शेडच्या फटीतून ऊन आले की तिच्यावर एक पांढरी रेघ चालत जायची आणि संध्याकाळी ती रेघ शेपटीवरून खाली उतरली की आम्ही काम थांबवायचो. तिला निळा रंग कोणी दिला, आणि निळाच कसा दिला, हे मला कळेना. मी हो म्हटले. नंदिनी इतकी खूश झाली की तिने पुढचे सगळे एका दमात सांगितले आणि मी दाणे आणि टरफले एकाच ताटात टाकत राहिले.

तिने सांगितलेले असे. पुण्याचा प्रफुल्ल म्हणून एक जण जुन्या शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करतो. पुलगावला, जिथे बाबांनी ती बांधली त्या बाबारावजींच्या कापसाच्या जिनिंगची जागा विकली गेली तेव्हा मागच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांखाली ही गाडी निघाली. भंगारवाल्याकडून ती फिरत फिरत याच्याकडे गेली. दोन वर्षे खपून त्याने ती उभी केली, त्या काळातले इंजिन कुठून तरी मिळवून बसवले. आता उन्हाळ्यात ती जहाजाने परदेशी जाणार होती. तिकडे जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात, तासन् तास चालणाऱ्या, दोन-दोन जणांनी आळीपाळीने चालवायच्या. आपल्याकडे त्या जातीची गाडी कोणी घरी बांधलेली नाही म्हणून तिकडच्या लोकांना हिचे फार अप्रूप होते. पण त्यांचा एक नियम होता. गाडी जुनी असून भागत नाही, ती तिच्या काळात खरोखर शर्यतीत धावलेली हवी. नवी बनवून जुनी म्हणून आणलेली चालत नाही. बाबारावजी जाऊन वीस वर्षे झाली होती. त्यांच्या मुलाला शेडला किती कुलपे होती एवढेच माहीत. तेव्हा ही तीच गाडी आहे असे सांगणारे जिवंत माणूस एकच उरले होते, आणि ते माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होते. शनिवारी गाडी ट्रकवरून नागपूरला प्रदर्शनासाठी जाताना वर्ध्याला, आमच्याकडे, थांबणार होती. मी पाहायचे आणि एका कागदावर सही करायची. त्या बदल्यात, नंदिनी म्हणाली, मग तिने शब्द बदलला. बदल्यात नाही, हक्काने, बांधणारा म्हणून बाबांचे नाव कागदात जाईल. बाबारावजींच्या बरोबरीने.

मी त्या रात्री नीट जेवले नाही. आजकाल जेवणाचे तसे काही नसते, पण नंदिनी नागपूरहून मुद्दाम आली होती म्हणून मी भाकरीचे तुकडे करत बसले. या वयात एखादी गोष्ट आठवायची म्हणजे आधी दमायला होते. ती आपली आपण येत नाही, तिला जिन्यावरून वर आणावे लागते. पण ही गोष्ट वरच येऊन बसली होती. पुलगावच्या मिलच्या भोंग्यासकट. हे, म्हणजे रामाजी थूल, मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मूळ रोहणा गावचे. आमचे लग्न एकोणसत्तर साली झाले, मी पुलगावच्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते. आंजीला बदली झाली ती फार पुढे. यांच्या हातात पत्रा असला की तो कापडासारखा वागतो असे लोक म्हणायचे. ते ऐकूनच बाबारावजींनी यांना बोलावून घेतले. जिनिंगच्या मालकाचा धाकटा मुलगा, विलायतेहून शिकून आलेला, मोटारींचे वेड. त्याला स्वतःची शर्यतीची गाडी बांधायची होती. इंग्रजी मासिकातले फोटो आणि स्वतः काढलेले नकाशे घेऊन तो यांच्यासमोर बसला. हे नकाशा उलटा धरून पाहत होते म्हणे, आणि तरी मापात कुठे चूक आहे ते यांनीच दाखवले. बाबारावजी हसले आणि काम सुरू झाले. मिलची पाळी संपली की दुपारी हे शेडमध्ये जायचे, आणि शाळा सुटली की डबा घेऊन मी.

अल्युमिनियमचा पत्रा ठोकून वळवायला खाली मऊ पण भरीव काहीतरी लागते. बाहेर कुठे वाळूची चामड्याची पिशवी वापरतात. यांनी जाड किंतानाच्या पोत्यात सरकी ठासून भरली. जिनिंगमध्ये सरकीचे डोंगर होते. लाकडी मोगरीचा एकेक घाव बसला की सरकीचा तेलकट वास उठायचा आणि पत्रा थोडा, अगदी थोडा, खोल जायचा. मग पत्रे सांगाड्यावर चढवून रिव्हेट मारायचे. रिव्हेट मारायला दोन माणसे लागतात, एक बाहेरून हातोडी मारणारा, एक आतून लोखंडी ठोकळा दाबून धरणारा. आत म्हणजे गाडीच्या नाकात किंवा शेपटीत, जिथे पुरुषाचा खांदा शिरत नाही. मी तेव्हा एकोणचाळीस किलोची होते. यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले, जसे एखादे माप घ्यावे तसे, आणि विचारले, जमन का? साडी खोचून मी आत शिरले. आतून सगळे वेगळे होते. पत्र्याच्या पोटात अंधार, रिव्हेटच्या भोकांतून येणारे उजेडाचे दाणे, आणि मग घाव. घाव कानावर आधी येत नाही, दातांवर येतो. हे बाहेरून ओरडायचे, "मास्तरीनबाई, झोपल्या का? ठोकळा सरकून राह्यला!" आणि मी आतून म्हणायची, तुमचाच हात सरकून राह्यला. एकमेकांचे तोंड न दिसता आम्ही जेवढे बोललो तेवढे घरात कधी बोललो नसू. माझा डावा कान तेव्हापासून गेला तो गेलाच. बाबारावजींना हे माहीत होते, पण एका बाईने, आणि तीही शाळेतल्या बाईने, त्यांच्या गाडीत शिरून काम केले हे त्यांनी कुठे सांगितल्याचे मी ऐकले नाही. मीही शाळेत सांगितले नाही.

रंगाचे तेव्हा असे झाले होते. बाबारावजींनी लाल सांगितला होता. यांनी निळा लावला. दुकानात लाल संपला होता, हे म्हणाले. बाबारावजी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, रामाजी, अख्ख्या वर्ध्यात लाल रंग संपला? हे म्हणाले, "लाल लय खपते साहेब. निळ्याले कोनी हात लावत नाई." बाबारावजी बराच वेळ हसत राहिले. समजले होते त्यांना. त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत ती निळी गाडी आगगाडीने मद्रासकडे गेली. तिकडे जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर सहा तासांची शर्यत होती. हेही गेले. सहा तास गाडी बंद पडली नाही, पाचवी आली, आणि नागपूरच्या एका पेपरात फोटो छापून आला. फोटोत बाबारावजी, त्यांचा जोडीदार, आणि कडेला अर्धे कापलेले हे. खाली लिहिले होते, मध्यभागी गाडीचे निर्माते, शेजारी सहचालक व कारखान्यातील एक मदतनीस. यांनी ते कात्रण कापून ठेवले. मदतनीस या शब्दावरून मी एकदा बोलले तर म्हणाले, मदतच तर केली. पण नंदिनी शाळेत असताना तिला ते कात्रण सापडले आणि तिने तो शब्द पेनने खोडला. तो खोडलेला कागद अजून तिच्याकडे आहे. बापाच्या वाट्याला आलेला तो एक शब्द तिने आयुष्यभर उरावर घेतला. तिची सगळी अधिकारीपदे, तिच्या सह्यांचे शिक्के, मला कधी कधी वाटते, त्या शब्दावर मारलेल्या रेघाच आहेत.

आणि पुढच्याच वर्षी, शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव चालू असताना, ती गाडी जळाली. पेट्रोलची नळी सुटली. बाबारावजींचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. हे तिथे होते. यांनीच त्यांना ओढून काढले. अल्युमिनियम लाकडासारखे जळत नाही, ते पाझरते. एवढेच यांनी मला घरी येऊन सांगितले. पाझरून खाली डबके झाले, सुलोचना, अन् थंड झाल्यावर त्याच्यात माह्या चपलेचा ठसा होता. तिथून यांनी परत आणली ती फक्त पितळेची एक पट्टी. त्या पट्टीवर गाडीचा नंबर होता, यांनीच छिन्नीने कोरलेला, आणि आग न पोचलेल्या कडेला थोडा निळा रंग चिकटून राहिला होता.

म्हणजे प्रफुल्लच्या ट्रकवर होती ती ही गाडी नव्हे. हे मला नंदिनीने फोन दाखवला त्याच क्षणी माहीत होते. ही दुसरी. पहिल्या वेळी एक सांगाडा चार सूत, म्हणजे अर्धा इंच, वाकडा आला म्हणून बाजूला टाकला होता. गाडी जळाल्यावर दोनेक महिन्यांनी एक दिवस यांनी तो बाहेर काढला, तापवून सरळ केला, आणि मला म्हणाले, डबा आणजो उद्यापासून. कोणी सांगितले नव्हते. बाबारावजी मुंबईच्या दवाखान्यात होते. नकाशे त्यांच्याबरोबर गेले होते. यांनी सगळे हाताच्या आठवणीने केले, आणि जिथे बाबारावजींचा नकाशा यांना पटला नव्हता तिथे आपल्या मनाने. नाक पहिलीपेक्षा दोन बोटे खाली आहे. पाठ जास्त उचललेली आहे. ती पहिलीपेक्षा कितीतरी चांगली झाली. तीन वर्षे लागली. पंचाहत्तर साली मी सात महिन्यांची गरोदर असताना शेपटीत शिरू शकत नव्हते, तर यांनी शेपूट पालथी घालून मला पोत्यांवर टेकवून बसवले आणि ठोकळा पोटाशी धरून मी रिव्हेट दाबले. प्रत्येक घावाला आतून पोर हलायची. तीच नंदिनी. तिला हे कधी सांगितले नाही, अशा गोष्टी सांगायला वेळ यावी लागते आणि ती येईपर्यंत मुले अधिकारी होतात.

शेवटी यांनी ती पितळेची पट्टी दुसऱ्या गाडीत बसवली. मी विचारले होते, जळालेल्या गाडीची पट्टी हिले काऊन? यांनी माझ्याकडे असे पाहिले जसे मी मास्तरीण असून मला अक्षर येत नाही. रोहण्यात यांच्या घरी नवा छकडा केला की जुन्या मोडलेल्या छकड्याचा एक तुकडा त्यात घालायचे, खुंटी म्हणा, आखाचा लोखंडी खिळा म्हणा. मग तो नवा छकडा नसे, आजाच्या वेळचा तोच छकडा असे. आजोबाच्या छकड्यात एकही लाकूड आजोबाच्या वेळचे नव्हते आणि तरी गावात कोणी त्याला नवा म्हटले नाही. यांनी तेच केले. फसवायचे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. यांच्या दृष्टीने ती तीच गाडी होती, मधे जरा आजारी पडली होती.

बाबारावजी ती पाहायला एकदाच आले. हातांवर कातडी गुलाबी, ताणलेली, असे यांनी मला नंतर सांगितले. शेडच्या दारातच उभे राहिले. मी त्या वेळी आत, गाडीच्या नाकात होते, मला त्यांचे फक्त बूट दिसत होते. बराच वेळ बूट हलले नाहीत. मग ते म्हणाले, "रामाजी, ही कोणासाठी केली?" यांनी हातातली मोगरी पोत्यावर ठेवली. बूट वळले आणि गेले. इंजिन बाबारावजीच आणू शकले असते, आणि ते पुन्हा त्या शेडकडे फिरकले नाहीत. गाडी तशीच राहिली, बिनइंजिनाची, बिनरंगाची. पुढे जिनिंग बंद झाली, शेडला कुलूप लागले. हे मिलमधून सुटले, आम्ही वर्ध्याला आलो. यांनी गाडीचे नाव काढणे सोडले. दोन हजार तेरा साली जाण्याआधी महिनाभर हे अंथरुणावर होते तेव्हाही नाही. फक्त उजव्या हाताची बोटे चादरीवर एका विशिष्ट तऱ्हेने फिरायची, पत्र्यावरचा उंचवटा चाचपावा तशी.

हे सगळे मी नंदिनीला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले. चहा थंड झाला तिचा. मला वाटले होते ती रडेल किंवा चिडेल. ती अधिकाऱ्यासारखी ऐकत राहिली. मग म्हणाली, पहिली जळाली हे प्रफुल्लला माहीत नाही. त्याला एवढेच माहीत होते की बाबारावजींनी पुढच्या वर्षी शर्यत सोडली. पट्टी पाहून आणि तिच्या कडेचा निळा रंग पाहून त्याने गाडी निळी केली होती. तो निळा कुठून आला ते मला तेव्हा कळले. नंदिनीने कप बाजूला सरकवला. नागपूरला ती प्रमाण मराठी बोलते, माझ्याजवळ आली की तिची भाषा सैल होते. "आई, पट्टी बाबायनं सोताच्या हातानं लावली ना? त्यायच्या मतानं ते तीच गाडी होती ना? मंग तू कोन आडवी येनारी?" मी म्हटले, तिकडचे लोक विचारतात ते वेगळे. ते छकड्याचे विचारत नाहीत. ती म्हणाली, खरे सांगितले तर काय होईल ते ऐक. गाडी परत जाईल. नक्कल म्हणून कोणाच्या तरी दिवाणखान्यात उभी राहील. बाबा मदतनीस होते ते मदतनीसच राहतील, नव्हे, मदतनीसाने केलेली नक्कल. आणि बोलणारी तू एकटी आहेस. "तू गेल्यावर कोनीच नाई आई. मी बी नाई. मी तर पोटात होती." हे शेवटचे ती हसून म्हणाली. मी बरे म्हटले. खरे तर मला वाद घालायचा नव्हता. सत्याहत्तराव्या वर्षी माणूस खोटे बोलतो ते लोभाने नाही, बसल्या जागेवरून उठायचा कंटाळा येतो म्हणून. आणि मला ते नाव लिहिलेले पाहायचेही होते, हे मी लपवत नाही.

शनिवारी गाडी आमच्या वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानात उतरवली. जानेवारीचे सकाळचे ऊन होते. शेजारचे बंडूजी मफलर गुंडाळून सगळ्यांच्या आधी हजर. गाडीभोवती फिरून त्यांनी प्रफुल्लला विचारले की यात सामान कुठे ठेवतात, आणि ॲव्हरेज किती देते. प्रफुल्लने गंभीरपणे सांगितले, लिटरला दोन-अडीच किलोमीटर. बंडूजी म्हणाले, "एवढ्यात तं आमचा बैल बी देते बाप्पा," आणि खुर्च्या आणायला गेले. प्रफुल्ल चाळिशीचा असेल. मला वाटले होते कोणी चटपटीत माणूस असेल, बोलण्यात गुंडाळणारा. तो आधी माझ्या पाया पडला, मग माझा हात धरून मला गाडीच्या मागच्या बाजूला घेऊन गेला आणि म्हणाला, इथे आतून हात लावून बघा आजी. मी वाकले. कंबर बोलली. आत अंधारात बोटे फिरवली आणि माझी बोटे थांबली. रिव्हेटची ओळ होती. किंचित डावीकडे कललेली डोकी. ती माझी होती. मी पोटामुळे ठोकळा सरळ धरू शकत नव्हते. बाहेरून रंग देताना त्याने सगळे गुळगुळीत केले असते तर चालले असते, पण आतले एकही रिव्हेट त्याने बदलले नव्हते. म्हणाला, त्याच्या कारागिराने ही ओळ काढून नवी मारू का म्हणून विचारले होते, कारण ती वाकडी आहे. त्याने नाही म्हटले. कुणीतरी फार अवघडून बसून हे केलेले दिसते, तो म्हणाला, ते तसेच राहू द्यावे.

यापेक्षा तो लबाड असता तर बरे झाले असते.

मग त्याने मला खुर्चीवर बसवले आणि एक गोष्ट विचारली. सांगाडा एकदा तापवून सरळ केल्याच्या खुणा त्याला सापडल्या होत्या. शर्यतीत कुठे धडक बसली होती का? नंदिनी माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो जड झाला नाही, हलका झाला, श्वास धरल्यासारखा. मी म्हटले, बसली असन. सहा तास होते ते. प्रफुल्लने वहीत लिहून घेतले. किती सोपे गेले ते. शाळेत मुलांचे खोटे मी डोळ्यांवरून ओळखायची, आणि माझ्या डोळ्यांकडे कोणी पाहिलेही नाही. त्याने दोन कागद काढले, एक इंग्रजी, एक मराठी. मी मराठी वाचला. मी, सुलोचना रामाजी थूल, असे लिहून देते की सदर गाडी ही माझे पती रामाजी थूल यांनी बांधलेली व १९७३ साली शर्यतीत धावलेली मूळ गाडी आहे. भाषा स्वच्छ होती, एकही चूक नव्हती. दोन्हीकडे सही केली. प्रफुल्लने कागद गाडीच्या पाठीवर, उताराआधीच्या सपाट जागेवर ठेवले, शाई वाळायला, आणि दाराखाली चिकटवलेला कागदी पट्टा हळूच ओढून काढला. खाली पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते, बांधणी : रामाजी थूल. फक्त तेवढेच. बाबारावजींचे नाव पुढे, छोट्या अक्षरांत, चालकाच्या जागी होते. तो म्हणाला, काम कोणाचे आहे ते हातात घेतल्यावर कळते आजी, नकाशाने अशी गाडी होत नाही. नंदिनीने तोंडावर पदर धरला. पन्नास वर्षांची बाई, मैदानात सगळ्यांसमोर. बंडूजींनी दुसरीकडे पाहिले. मीही ते नाव पाहिले. वाटायला हवे होते ते वाटेल म्हणून वाट पाहत राहिले. नाव चांगले लिहिले होते. र ला पाय होता, ल ची गाठ नीट वळली होती. मी पुन्हा वाचले.

प्रफुल्ल आत बसला. म्हणाला, कान झाका. मागे काहीतरी खाकरले, एकदा, दोनदा, आणि मग इंजिन लागले. मैदानातले कुत्रे पळाले. तो आवाज मोठा होता असे म्हणून काही सांगितल्यासारखे होणार नाही. तो जमिनीतून खुर्चीच्या पायांत आला, तिथून माझ्या मांड्यांत, पोटात, दातांत. सगळा पत्रा जिवंत झाला होता. नाकापासून शेपटीपर्यंत त्यावरून ऊन थरथरत धावत होते. मी तीन वर्षे त्या पत्र्याच्या पोटात बसले होते आणि मला माहीत नव्हते की तो असा थरथरू शकतो. यांना माहीत होते का? यांच्या मनात कधी हा आवाज वाजला असेल का, मिलच्या पाळीत, चादरीवर बोटे फिरवताना? की यांनीही तिला फक्त गप्पच पाहिले होते, माझ्यासारखे, आणि गप्प असतानाच ती पुरी झाली असे मानले होते? माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते, धुराने असेल. प्रफुल्लने दार उघडून डोके बाहेर काढले. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. ओरडून त्याने विचारले, "आजी, तेव्हाही असाच आवाज होता ना हिचा?"

काय म्हणायचे ते माझे ठरलेले होते. हो म्हणायचे होते. पण कोणी नुकत्याच जन्मलेल्या बाळाला पाहून विचारावे, हा आधीही असाच रडायचा का, तसा तो प्रश्न मला वाटला, आणि उत्तर माझ्या तोंडून निघून गेले.

"मले काय माहीत बाप्पा," मी म्हटले. "हे गाडी आजवर कधी सुरूच झाली नाई. सुरू झाली होती ते पह्यली. ते जळाली."

त्याला ऐकू गेले की नाही, मला कळले नाही. मग त्याचा चेहरा बदलला तेव्हा कळले. त्याने सांगाड्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले. नंदिनी फक्त, आई, एवढेच म्हणाली. तिचा हात माझ्या खांद्यावरून गेला होता. प्रफुल्लचा हात किल्लीकडे गेला. मी खुर्चीतून उठले, कशी उठले माहीत नाही, आणि उघड्या दारातून आत वाकून त्याचे मनगट धरले.

"बंद नोका करू," मी म्हटले. "आत्ता तं लागली."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि हात मागे घेतला. गाडी चालू राहिली. नंदिनी गाडीच्या पलीकडे उभी होती, मी अलीकडे, आणि तो आत. मागच्या निळ्या पाठीवर सहीचे दोन्ही कागद थरथरत होते. थरथरत थरथरत ते उताराला लागले, एकेक बोट खाली सरकत चालले, आणि आम्हा तिघांनाही ते दिसत होते, आणि धरायला कोणी हात पुढे केला नाही.